भाच्याच्या मेलमध्ये अडकलेलं दुकान

ताई, स. न. वि. वि.

मी गोधड्या शिवते. आधी गावातल्या बायकांसाठीच शिवायची. लॉकडाउनमध्ये भाच्यानं इन्स्टाग्रामवर खातं काढून दिलं आणि पुण्या-ठाण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. आता गल्लीतल्या चौघी माझ्याकडे टाके घालायला येतात. मागच्या आठवड्यात जेवणं उरकल्यावर शाळेतल्या मैत्रिणीचा इन्स्टावर मेसेज आला. 'अगं, माझं खातं बंद पडलंय. उघडायला ओळखीच्या दोघींची मदत लागते. तुझ्या मोबाइलवर एक लिंक येईल, ती उघडू नकोस हं, नुसता स्क्रीनशॉट काढून पाठव.' उघडू नकोस म्हणाली म्हणून मला उलट जास्तच विश्वास वाटला. पाठवला. थोड्या वेळानं बघते तर माझ्याच फोनवर माझं खातं उघडेना. सकाळी मैत्रिणीला फोन केला तेव्हा कळलं, तिचंही खातं आधीच गेलेलं होतं.

आता माझ्या नावानं रोज स्टोरी येते, 'मी दहा हजार गुंतवले, चार तासांत ऐंशी हजार मिळाले', आणि मागे माझीच लाल-पिवळी गोधडी. ठाण्याच्या एका ग्राहक बाईंनी माझ्यावर भरवसा ठेवून बारा हजार भरले. त्यांचा फोन आला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पैसे मी भरून द्यायचे का? टेलिग्रामवर एकजण म्हणतो, सात हजार द्या, खातं परत आणून देतो. देऊ का? आमचे हे म्हणतात, सगळं बंद कर, नसती उठाठेव. खातं भाच्याच्या मेलवर काढलेलं आहे. तो हिंजवडीला नोकरीला आहे, त्याला सांगायची लाज वाटते. माझंही जीमेल आहे, पण ते मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं काढून दिलं होतं, पासवर्ड मला माहीत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. मी इतकी बावळट कशी हो?

एक गोधडीवाली, जि. सातारा

गोधडीवाल्या ताई,

तातडीचं तेवढं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतंच. बाकीचं सविस्तर इथे लिहिते, कारण भाच्यानं काढून दिलेलं खातं आणि दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं जीमेल ही गोष्ट तुमच्या एकटीची नाही. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच चित्र आहे.

आधी तो टेलिग्रामवाला. सात हजार काय, त्याला सात रुपयेही देऊ नका. 'माझं खातं हॅक झालं' असं कुणी कुठे लिहिलं की ही मंडळी गुळाला मुंगळे लागावेत तशी गोळा होतात. सात घेतील, मग 'प्रोसेसिंग'चे तीन मागतील, मग 'कोड आलाय तो सांगा' म्हणतील, आणि त्या कोडावर तुमचं जीमेल किंवा व्हॉट्सॲपही जाईल. इन्स्टाग्रामच्या आत शिरायचा चोरदरवाजा यांच्यापैकी कुणाकडेही नसतो. खातं परत मिळवायचा रस्ता इन्स्टाग्रामचा स्वतःचाच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्या माणसाला ब्लॉक करा, पण त्याच्या मेसेजांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, तक्रारीत लागतील.

आता भाचा. लाज बाजूला ठेवा आणि त्याला आजच्या आज फोन करा, कारण या सगळ्यात सगळ्यात मोलाची गोष्ट त्याच्या मेलमध्ये पडून असण्याची शक्यता आहे. इन्स्टाग्राम खात्याचा ईमेल कुणी बदलला की जुन्या पत्त्यावर तसं कळवणारा मेल जातो. त्याच मेलमध्ये, हा बदल तुम्ही केलेला नसेल तर इथे दाबा, अशी सोयही असते. तुमचा चोर आत शिरल्यावर त्यानं पहिलं काम ईमेल बदलायचंच केलं असणार, म्हणजे तो मेल गेला भाच्याच्या पत्त्यावर. तुम्ही फोनवर म्हणालात, तो पत्ता त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला आहे आणि तो आता उघडतही नाही. म्हणजे खात्याची दोरी इतके दिवस अशा डब्यात पडून आहे, ज्याचं झाकण कुणी काढलेलं नाही. त्याला ते जुनं मेल उघडायला सांगा, स्पॅममध्येही बघू दे. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र अक्षर न् अक्षर तपासायचा: सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम. त्यात एक टिंब इकडचं तिकडे असेल तर तो मेल दुसऱ्याच कुणाचा आहे. हे जितक्या लवकर कराल तितकं बरं.

तो मेल सापडला नाही किंवा त्यातून काम झालं नाही, तर तुमच्या नेहमीच्या फोनवरून ब्राउझरमध्ये इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हा पत्ता टाका आणि तिथे विचारतील तसं पुढे जा. इथे तुमची एक वेगळीच अडचण होणार आहे. खात्यावर मालकाचे फोटो असले की इन्स्टाग्राम व्हिडिओ सेल्फी मागतं. मान इकडे वळवा, तिकडे वळवा, आणि तो चेहरा खात्यावरच्या फोटोंशी ताडून बघतं. तुमच्या खात्यावर आहेत गोधड्या! चेहरा एकाही फोटोत नाही, हातसुद्धा शिवण दाखवण्यापुरते. अशा वेळी खातं काढताना कुठला ईमेल किंवा नंबर दिला होता आणि कुठल्या प्रकारच्या फोनवरून काढलं होतं, हे विचारलं जातं. दोन्हींची उत्तरं पुन्हा भाच्याकडेच. त्याच्या फोनवरून काढलं होतं की तुमच्या, हे त्याला आठवायला लावा. एका खेपेला जमलं नाही तर पुन्हा करायचं, कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं. कधी अजिबात जमत नाही, हेही सांगून ठेवते.

तोवर गप्प बसू नका. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचा फोन आणि व्हॉट्सॲप ११ ऑगस्ट २०२४ रोजी हॅक झालं, तेव्हा त्यांनी तासन् तास लपवाछपवी केली नाही. स्वतःच एक्सवर जाहीर केलं की मला फोन-मेसेज करू नका, आणि पोलिसांत तक्रारही केली. तुम्हीही व्हॉट्सॲप स्टेटसला साधं लिहा: 'माझं इन्स्टाग्राम चोरीला गेलं आहे, तिथून येणाऱ्या कुठल्याही मेसेजला उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका.' ज्यांचे नंबर आहेत त्यांना वेगळा मेसेजही करा. गल्लीतल्या चौघींना सांगा की त्यांनी आपापल्या इन्स्टावरून ते खातं रिपोर्ट करावं. चोराला तुमच्या गोधड्यांशी काही देणंघेणं नाही. तुमच्या शब्दाला जी पत आहे ती त्याला विकायची आहे, आणि तुम्ही बोललात की तिचा भाव उतरतो. शिवाय त्यानं तुमच्या मैत्रिणीच्या नावानं तुम्हाला जे केलं, तेच तुमच्या नावानं तो आज आणखी कुणाला तरी करत असणार.

ठाण्याच्या बाईंच्या पैशांबद्दल मी बराच विचार केला. माझ्या मते हे पैसे तुम्ही देणं लागत नाही. तुम्ही त्यांच्याकडून काही घेतलेलं नाही, तुमच्या नावाचा मुखवटा घालून दुसऱ्यानं घेतलंय. पण त्यांना मदत करणं मात्र तुम्ही लागता, आणि 'मला काय माहीत' असं म्हणून फोन ठेवला असता तर ते गैर झालं असतं. पैसे ज्यांच्या बँक खात्यातून गेले त्यांनीच तक्रार करायची असते, म्हणून त्यांना १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायला सांगा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की ती थेट बँकांपर्यंत जाते, आणि पैसे अजून पुढच्या खात्यांत पांगले नसतील तर तिथल्या तिथे गोठवता येतात. म्हणूनच यात तासांचाही फरक पडतो. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक, तारीख-वेळ आणि ज्या नावावर पैसे गेले ते नाव हाताशी हवं. चॅट पुसू नका म्हणावं, रागाच्या भरात लोक पहिलं तेच करतात.

आणि तुमची स्वतःची तक्रार वेगळी करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर करता येते किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क (६६ सी) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. चोर सापडेल का, याची हमी मी देत नाही. पण तक्रारीचा क्रमांक हातात असला की उद्या आणखी कुणी 'तुम्हीच पैसे घेतलेत' म्हणत दारात आलं तर दाखवायला तुमच्याकडे तारखेचा कागद असतो. ठाण्याच्या बाईंनाही त्याची प्रत पाठवा. पैसे नाहीच मिळाले तर पुढे त्यांना एखादी गोधडी द्यायची की नाही, हा तुमच्या मनाचा प्रश्न. मी असते तर दिली असती. भरपाई म्हणून नव्हे. गिऱ्हाईक भरवशाचं आहे, म्हणून.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, 'मी इतकी बावळट कशी.' १५ जुलै २०२० ला ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्या खात्यांवरून एकाच वेळी बिटकॉइन मागणारे संदेश झळकले. तपासात निघालं की कुठल्याही यंत्राचं कुलूप फुटलेलं नव्हतं. ट्विटरच्याच कर्मचाऱ्यांना फोन करून, आपण कंपनीतलेच आहोत असं भासवून, त्यांच्याकडून आत शिरायची माहिती काढून घेतली होती. त्या कटाच्या मध्यभागी होता फ्लोरिडातला एक सतरा वर्षांचा मुलगा. पगार घेऊन ज्यांनी सुरक्षा सांभाळायची ते फसले. तुम्ही तर रात्री नऊ वाजता, हात पुसत पुसत, शाळेतल्या मैत्रिणीला मदत करायला गेलात.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मात्र नीट समजून घ्या, कारण पुढच्या वेळी सोंग दुसरं असेल पण डाव हाच असेल. चोरानं इन्स्टाग्रामला सांगितलं, मी अमुक खात्याची मालकीण, पासवर्ड विसरलेय. इन्स्टाग्रामनं मालकिणीच्या, म्हणजे तुमच्या मोबाइलवर आत यायची लिंक पाठवली. ती लिंक तुमच्यासाठीच होती, मैत्रिणीच्या खात्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलात, त्यानं त्यातला पत्ता अक्षर-अक्षर टाइप केला आणि आत गेला. 'उघडू नकोस' असं तो का म्हणाला? तुम्ही उघडली असतीत तर समोर तुमचंच खातं दिसलं असतं, आणि शंका आली असती. या ॲपांना माणूस ओळखता येत नाही, त्यांना कोड किंवा लिंक कुणाच्या हातात आहे तेवढंच कळतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. म्हणून तुमच्या मोबाइलवर, तुम्ही न मागता आलेला आकडा किंवा लिंक, कुणालाही, आईला, नवऱ्याला, मला, कुणालाही द्यायची नाही. खरी अडचण असेल तर मैत्रीण फोन करेल. आणि फोनवर आवाज ओळखीचा लागला तरी कोड मागितला की 'घरी ये, मग बघू' म्हणायचं.

इथपर्यंत झालं इन्स्टाग्रामचं. पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य इन्स्टाग्रामबद्दल नव्हतंच. 'पासवर्ड मला माहीत नाही', हे तुमच्या जीमेलबद्दलचं वाक्य. लोक इन्स्टाचा पासवर्ड बदलतात, फेसबुकचा बदलतात, प्रोफाइलला टाळं लावतात, आणि ज्या मेलवर ही सगळी खाती उभी आहेत त्याकडे बघतही नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कुठल्याही ॲपमध्ये 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची सोय मेलवर येते. म्हणजे ज्याच्या ताब्यात तुमचं जीमेल, त्याच्या ताब्यात तुमचं बाकी सगळं. आणि तुमचं जीमेल कुणाच्या ताब्यात आहे? दुकानातल्या पोराच्या. तो पोरगा सज्जन असेल, बहुतेक असेलच. पण गर्दीच्या वेळी दहा गिऱ्हाइकांना एकच ठरलेला पासवर्ड द्यायची त्याला सवय असते: नाव आणि ॲट एकदोनतीन. तो त्यानं बिलाच्या मागे लिहून दिला, बिल हरवलं, आणि जिथे रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं अडकलं तर कोड यायचा नंबर, विचारतात तिथे वेळ वाचवायला स्वतःचाच नंबर टाकला, असंही मी पाहिलेलं आहे.

म्हणून एक दुपार काढा. घरीच बसा, तुमच्या रोजच्या फोनवर, रोजच्या वायफायवर. गूगललाही ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा दिसली की सोपं जातं. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, तिथे तुमचं खातं, त्यात सिक्युरिटी. पासवर्ड बदलायला गेलात की जुना विचारेल, तेव्हा 'विसरलो' म्हणा. फोनमध्ये ते खातं आधीपासून चालू असल्यामुळे बहुतेक वेळा त्याच फोनवर 'तुम्हीच का' असं विचारून, फोनचं कुलूप उघडायला लावून, नवा पासवर्ड ठरवू देतं. मग रिकव्हरी नंबर बघा. कुणाचा आहे? दुकानाचा असेल, तुमचा जुना बंद पडलेला असेल, तर काढून आत्ताचा टाका. इथे एक गोम आहे: नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस गूगल जुन्या नंबरवरही कोड पाठवू शकतं, तेव्हा हे काम 'दिवाळी झाल्यावर निवांत' असं टाकू नका. त्यानंतर 'युअर डिव्हाइसेस' उघडून बघा, तिथे तुमच्या जीमेलमध्ये शिरलेले सगळे फोन-कॉम्प्युटर दिसतात. जो ओळखीचा नाही तो बाहेर काढा. भाचा आला की त्याच्या लॅपटॉपवर जीमेलच्या सेटिंगमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघायला सांगा. एकदा आत शिरलेला माणूस तुमचे मेल गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवू शकतो, आणि पासवर्ड बदलला तरी ते वळण तसंच राहतं.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, चालू करा. ते केलं की गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे. ते फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोनच हरवला तर काय कराल? वहीत उतरवून घ्या आणि वही सोन्यानाण्याच्या डब्याशेजारी ठेवा. हो, वहीत. 'पासवर्ड लिहून ठेवू नका' हा सल्ला ऑफिसातल्या मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी ठीक होता. तुमच्या खात्यावर डोळा असलेला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. लिहायचं नाही म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा, दहा वेगळे पासवर्ड वहीत लिहिलेले कधीही बरे.

एकच पासवर्ड सगळीकडे ठेवला की काय होतं, याचं उदाहरण खुद्द फेसबुकच्या मालकाचं आहे. लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या संकेतस्थळावरून २०१२ मध्ये पासवर्डांचा साठा चोरीला गेला होता. त्यातले कोट्यवधी २०१६ मध्ये बाजारात आले, आणि त्या जूनमध्ये मार्क झुकेरबर्ग यांचं ट्विटर आणि पिंटरेस्ट खातं कुणीतरी उघडलं. उघडणाऱ्या टोळीचं म्हणणं, त्यांचा लिंक्डइनचा जुना पासवर्डच तिथेही चालला, आणि तो होता 'दादादा'. तेव्हा नवा पासवर्ड लांब ठेवा. मुलाचं नाव नको, जन्मसाल नको, 'गोधडी' तर नकोच नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, कंदील, पावशेर, टपाल, म्हैस असे काहीतरी. हे चार मात्र घेऊ नका, ते आता सगळ्यांनी वाचलेत. दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनं तो आग्रह २०१७ मध्येच सोडून दिला, कारण सारखं बदलायला लावलं की लोक नुसता शेवटचा आकडा वाढवतात.

व्हॉट्सॲपचं काम छोटं आहे, पण तुमचा धंदा आता काही दिवस त्याच्यावरच चालणार म्हणून तेही आजच. सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, आणि सहा आकडी पिन. सोबत ईमेलही द्या, तुमचा, भाच्याचा नव्हे. हा पिन का, ते सांगते. कुणी गोड बोलून तुमच्याकडून एसेमेसचा सहा आकडी कोड काढलाच, तर पुढे त्याला हा पिन लागेल. आणि तुम्ही पिन घातलेला नसेल, तर आत शिरलेला चोर स्वतःचा पिन घालून टाकतो. मग तुमचा नंबर, तुमचं सिम, तरी तुम्हालाच सात दिवस बाहेर बसावं लागतं. ऐन दिवाळीत सात दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. व्हॉट्सॲपमध्येच 'लिंक्ड डिव्हाइसेस' असतं, तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. कुणी फोनवर 'कुरियर आलंय, स्टार ४०१ किंवा स्टार २१ लावून हा नंबर दाबा' म्हणालं तर फोन ठेवून द्या. त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात आणि कोड सांगणारा कॉलही त्यालाच जाऊ शकतो. चुकून दाबलं गेलंच असेल तर हॅश हॅश ००२ हॅश लावलं की वळवलेले कॉल बंद होतात.

लग्नसराई जवळ आली आहे म्हणून आणखी एक. व्हॉट्सॲपवर पत्रिका आली आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ती पत्रिका नाही. ते फोनमध्ये शिरणारं ॲप आहे, तुमचे एसेमेस परस्पर वाचणारं. वाहतूक चलानाच्या आणि पीएम किसानच्या नावानंही हेच फिरतं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, आणि जवळचं लग्न असेल तर लोक फोन करून बोलावतातच.

आता 'आमचे हे'. सगळं बंद कर म्हणतात, त्यांचा जीव तुटतोय म्हणून म्हणतात, हे कळतं. पण नुसतं सोडून देण्यानं काहीच बंद होत नाही. गेलेलं खातं चोराच्या हातात चालूच राहील, तुमच्याच गोधड्यांचे फोटो लावून. आणि नंबर बंद करून टाकला तर आणखीनच पंचाईत. आपल्याकडे बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि तुमची जी खाती त्या नंबरावर आहेत त्यांचे कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजायला लागतात. तुमचं एखादं जुनं बंद सिम असेल तर त्याचंही असंच झालेलं असू शकतं. म्हणून आधी प्रत्येक खात्यातून जुना नंबर काढा, मग काय सोडायचं ते सोडा.

खातं परत मिळालं की उत्साहानं लगेच फोटो टाकू नका. आधी इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन पासवर्ड बदला, चोरानं घातलेला ईमेल, नंबर आणि त्याचं टू-फॅक्टर (टू-स्टेपचंच दुसरं नाव) काढून तुमचं घाला. जमलं तर एसेमेसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवरचं, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपवरचं. ते आधी असतं तर बहुधा नुसत्या स्क्रीनशॉटवर त्याचं भागलं नसतं. कुठल्या फोनवर खातं उघडं आहे ते बघून बाकीचे बाहेर काढा. बायोमधली लिंक त्यानं बदलली असेल, ती तपासा. मग इनबॉक्स. तुमच्या नावानं त्यानं कुणाकुणाशी काय बोलणं केलंय ते सगळं वाचा, नकोसं वाटलं तरी वाचा, आणि त्या प्रत्येकीला स्वतः कळवा. भाच्याचा पत्ता काढून तुमचं नवं, तुमच्याच ताब्यातलं जीमेल त्या जागी टाका. त्याला वाईट वाटणार नाही, उलट सुटल्यासारखं वाटेल.

खातं परत येईस्तोवर ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घ्या. ॲडव्हान्स मागण्याआधी गिऱ्हाइकाशी एकदा फोनवर बोला आणि त्यांना सांगून ठेवा की यूपीआयनं पैसे पाठवताना पडद्यावर बँकेत नोंदलेलं माझं नाव येईल, ते वेगळं दिसलं तर पाठवू नका. आणि जीमेलला टू-स्टेपसाठी दुसरा नंबर घालायची वेळ आली की यजमानांचा घाला. त्या निमित्तानं त्यांचाही फोन हातात येईल, तेव्हा लगे हात त्यांच्या व्हॉट्सॲपचाही पिन घालून टाका. 'सगळं बंद कर' म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये तो सहसा नसतो.